आरोळी ते मथळा : ‘स्ट्रेंग्थ थ्रू ऑय!’चं प्रकरण

१९८१ च्या वसंतातली गोष्ट. लंडनमधल्या डेक्का कंपनीची एक रेकॉर्ड छपाईला जायच्या बेतात होती आणि ऐनवेळी मुखपृष्ठाच्या फोटोत घोटाळा सापडला. डोकं तासलेला, उघड्या अंगाचा, पायात जड बूट घातलेला एक तरुण दात विचकून समोरच्यावर धावून येतोय, असा तो फोटो. रेकॉर्डचं संपादन करणारा गॅरी बुशेल सांगतो त्याप्रमाणे, फोटो नाताळच्या एका भेटकार्डावरून घेतला होता आणि तो एखाद्या सिनेमातला असावा असा त्याचा समज होता. छपाईसाठी फोटो मोठा केला, तेव्हा त्या तरुणाच्या अंगावरची गोंदणं दिसू लागली. ती नाझी गोंदणं होती.

दोन वाटा होत्या. मुखपृष्ठ बदलायचं आणि रेकॉर्ड लांबणीवर टाकायची, नाहीतर गोंदणं झाकायची. तेव्हा फोटो दुरुस्त करायला संगणक नव्हते. एअरब्रश नावाचं पेनाएवढं अवजार असे. दाबाखालच्या हवेने रंगाचा धुक्यासारखा फवारा निघायचा आणि सराईत हात त्या फवाऱ्याने फोटोवर कातडीची छटा चढवायचा. खाली काय होतं ते बघणाऱ्याला कळायचंही नाही. इथे हीच वाट धरली गेली. निर्णय चुकला हे बुशेलने पुढे कबूल केलं. पण मे महिन्यात रेकॉर्ड आली आणि ३ जुलैच्या रात्री साउथहॉलमधला एक पब जळाला. त्यानंतर त्या झाकलेल्या गोंदणांकडे सगळ्या देशाचं लक्ष गेलं.

रेकॉर्डचं नाव होतं ‘स्ट्रेंग्थ थ्रू ऑय!’. तिच्यावर बँडांच्या गाण्यांसोबत गॅरी जॉन्सन नावाच्या तरुण पंक कवीच्या कविताही होत्या. पंक म्हणजे प्रस्थापितांना शिव्या घालणारं, झटपट आणि कर्कश रॉक संगीत. हा जॉन्सन पुढे टॅब्लॉइड, म्हणजे ठळक मथळ्यांच्या मोठ्या खपाच्या पेपरांचा, पत्रकार झाला. संपादक बुशेल तर ब्रिटनमधल्या तेव्हाच्या सर्वाधिक खपाच्या टॅब्लॉइडचा नावाजलेला स्तंभलेखक झाला. एकाच मुखपृष्ठाआडचे दोन गॅरी एकाच धंद्यात उतरले, हा मला योगायोग वाटत नाही. मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर मथळे लावतोय. कवितेची आरोळी आणि पहिल्या पानाचा मथळा यांत किती थोडं अंतर आहे, हे मला या प्रकरणातून जितकं कळलं तितकं दुसऱ्या कशातून कळलं नाही. म्हणून ते सविस्तर मांडतो.

कवी उभा कुठे होता

१९७६-७७ चं पंक म्हटलं की रंगवलेले केस, सेफ्टी पिना आणि राणीच्या नावाने केलेली शिवीगाळ आठवते. त्या पहिल्या लाटेत आर्ट स्कूलची पोरं बरीच होती. दोन-तीन वर्षांत ती लाट फॅशनच्या दुकानात जाऊन बसली. मागे राहिली ती पूर्व आणि आग्नेय लंडनमधली, गोदीच्या आसपासच्या वस्त्यांमधली पोरं. त्यांच्या बापांची गोदी बंद पडत होती. रॉयल डॉक्समधली मालवाहतूक १९८१ मध्ये संपली. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला.

कॉकनी रिजेक्ट्स हा त्याच भागातला, कस्टम हाउसकडचा बँड. गाणं सुरू करताना बाकीचे बँड ‘एक-दोन-तीन-चार’ म्हणत, हे ‘ऑय! ऑय! ऑय!’ असं ओरडत. ‘ऑय’ म्हणजे आपलं ‘ए!’ किंवा ‘अरे ए!’. रस्त्यावरून पलीकडच्याला हाक मारायचा, दम द्यायचा किंवा दोस्ताला थांबवायचा शब्द. ‘साउंड्स’ या संगीत साप्ताहिकात १९७८ पासून लिहिणाऱ्या बुशेलने याच शब्दावरून या सगळ्या बँडांचं बारसं केलं. तो लंडनच्या अग्निशमन दलातल्या जवानाचा मुलगा. तरुणपणी ट्रॉट्स्कीवादी डाव्या पक्षात होता आणि त्यांच्या पत्रातही लिहीत असे. त्याच्या मनातलं चित्र साधं होतं. कामगारांच्या पोरांनी, कामगारांच्या पोरांसाठी, त्यांच्याच भाषेत केलेलं संगीत. या चित्राला मी खोटं म्हणणार नाही. अशी पोरं खरोखर होती आणि त्यांच्याबद्दल दुसरं कोणी लिहीत नव्हतं.

जॉन्सन या गोटाचा कवी होता. ‘नॅशनल सर्व्हिस’ आणि ‘डेड एंड यॉब्स’ या त्याच्या कविता या रेकॉर्डवर आहेत. पुढे त्याने ऑयवर एक लहानसं पुस्तकही लिहिलं आणि ते मँचेस्टरहून निघालं. पुस्तकाच्या उपशीर्षकात तो स्वतःची जागा सांगतो : रस्त्याच्या बंद टोकाकडून दिसलेलं दृश्य.

पंक कवीचं काम म्हणजे नेमकं काय, ते जवळून बघायला हवं. एक बँड वाजवून उतरलाय, दुसऱ्याची वाद्यं चढताहेत. मधल्या पाच-सात मिनिटांत एक माणूस हातात चुरगळलेला कागद घेऊन माइकसमोर येतो. समोरची शे-दोनशे पोरं बिअर घेऊन गप्पा मारताहेत. कवितेसाठी तिथे कोणीच आलेलं नाही. पहिल्या ओळीत पकडलं नाही तर ग्लास अंगावर येतो. त्यामुळे ओळ छोटी, यमक ठोक, क्रियापद पुढे. विशेषणाला वेळ नाही, ‘परंतु’ला तर जागाच नाही. साल्फर्डचा जॉन कूपर क्लार्क या कलेतला मोठा माणूस. त्याने पंक बँडांच्या आधी उभं राहून भरधाव कविता म्हटल्या आणि ही वाट रुळवली. जमैकातून लहानपणी लंडनला आलेल्या लिंटन क्वेसी जॉन्सनने तोच मंच रेगेच्या ठेक्यावर बांधला. अ‍ॅटिला द स्टॉकब्रोकर, सीदिंग वेल्स, बेंजामिन झेफानाया अशी पुढची पिढी आली. त्यांना ‘रँटिंग’ कवी म्हणत, म्हणजे तावातावाने बोलणारे.

कीर्तनाचा रंग माहीत असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. समोरच्याला धरून ठेवणं ही मोठीच विद्या आहे आणि ती पुस्तकात शिकवत नाहीत. तशीच विद्या आणखी एका ठिकाणी लागते. रेल्वे स्टेशनवरच्या पेपरच्या ठेल्यापाशी. घाईत निघालेल्या माणसाला दोन सेकंदांत थांबवायचं असतं, तिथे.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला

साउथहॉल लंडनच्या पश्चिम टोकाला, हीथ्रो विमानतळाजवळ. १९५० च्या दशकापासून तिथे पंजाबी माणूस येत गेला. जवळच्या रबर कारखान्यात, भट्ट्यांवर, पुढे विमानतळावर राबला आणि स्थिरावला. ब्रॉडवे हा तिथला मुख्य रस्ता. कापडाची, सोन्याची, मिठाईची दुकानं, गुरुद्वारे. लंडनला जाणारा आपला माणूस आजही साडीला फॉल लावायचा असो की जिलबी खायची असो, तिकडेच वळतो.

पण त्या गजबजलेल्या रस्त्याच्या आठवणी १९८१ मध्ये फार ताज्या होत्या. जून १९७६ मध्ये अठरा वर्षांच्या एका शीख विद्यार्थ्याला डॉमिनियन सिनेमाबाहेर भोसकून मारलं. त्यातून साउथहॉल यूथ मूव्हमेंट उभी राहिली. वडील पिढीने अर्ज-विनंत्या केल्या होत्या, मुलांनी रस्ता अडवला. मग २३ एप्रिल १९७९. निवडणुकीच्या तोंडावर नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाला साउथहॉलच्याच टाउन हॉलमध्ये सभा घ्यायची परवानगी मिळाली. निषेधाला हजारो लोक उतरले, तीनशेहून अधिक जणांना अटक झाली आणि ब्लेअर पीच हा न्यूझीलंडहून आलेला शिक्षक डोक्यात घाव बसून मेला. तो घाव बहुधा पोलिसाच्याच हातून बसला, असं म्हणणारा पोलिसांचा अंतर्गत अहवाल लोकांसमोर यायला २०१० उजाडलं. लिंटन क्वेसी जॉन्सनने पीचवर कविता केली आणि ती १९८० मध्ये रेकॉर्डवर आली. म्हणजे साउथहॉलच्या बाजूनेही पंकच्याच काळातला एक कवी उभा होता. हे विसरून या प्रकरणाचा विचार करता येत नाही.

आणि अगदी आदल्या दिवशीची घटना. २ जुलै १९८१ रोजी पूर्व लंडनमधल्या वॉल्थमस्टो भागात एका पाकिस्तानी कुटुंबाच्या घराला रात्री कोणीतरी पेट्रोल ओतून आग लावली. आई आणि तिची तीन मुलं मेली.

अशा शुक्रवारी दुपारी, बसगाड्या भरून डोकी तासलेली पोरं पूर्व लंडनहून साउथहॉलच्या ब्रॉडवेवर उतरली.

३ जुलै

ठिकाण हॅम्ब्रो टॅव्हर्न नावाचा पब. बँड तीन : द बिझनेस, द लास्ट रिसॉर्ट आणि शेवटी फोर-स्किन्स. यांतल्या शेवटच्या दोन बँडांची गाणी ‘स्ट्रेंग्थ थ्रू ऑय!’वर होती. हे बँड नॅशनल फ्रंटचे नव्हते, तसं त्यांनी तेव्हाही सांगितलं आणि नंतरही. आलेल्या सगळ्या पोरांबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. स्किनहेडांच्या, म्हणजे डोकी तासलेल्या पोरांच्या, घोळक्यात नॅशनल फ्रंट आणि नवनाझी ब्रिटिश मूव्हमेंटची भरती जोरात चालू होती. कार्यक्रमाआधी ब्रॉडवेवर दुकानांच्या काचा फुटल्या, शिव्या दिल्या गेल्या, लोकांवर हात टाकला गेला, असं स्थानिकांनी सांगितलं.

बातमी घराघरांत पोचली. संध्याकाळपर्यंत शेकडो आशियाई तरुण पबबाहेर जमले. मधे ढाली घेऊन पोलीस. आत गिटारी, बाहेर विटा. मग पेट्रोल बॉम्ब आले आणि हॅम्ब्रो टॅव्हर्न पेटला. बँडची मंडळी आणि प्रेक्षक कसेबसे बाहेर पडले. पोलिसांसह दोन्ही बाजूंचे कित्येक जण जखमी झाले. पब जळून कोळसा झाला. त्याच रात्री तिकडे लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागातही ठिणगी पडली आणि पुढचा आठवडाभर इंग्लंडमधली शहरामागून शहरं पेटत गेली.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पंजाबीतही ‘ओए!’ आहेच. कोणाला थांबवायचं, दम द्यायचा, दोस्ताला हाक मारायची, सगळ्याला तोच शब्द. पबच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पोरांच्या तोंडी लहानपणापासून जवळपास एकच हाक होती. बाहेरच्या पोरांचे बापही कारखान्यात आणि भट्टीवर राबणारे, आणि मंदीची कुऱ्हाड त्यांच्यावर आधी पडलेली. एवढंच काय, तोवर आशियाई पंकही जन्माला आले होते. १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या होत्या की परक्या संस्कृतीच्या लोकांखाली आपण बुडून जाऊ असं लोकांना वाटतंय. त्या वक्तव्याला उत्तर म्हणून दक्षिण लंडनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या मुलांनी काढलेल्या बँडचं नाव ‘एलियन कल्चर’ होतं. म्हणजे ऑयवाल्यांनी ज्या कामगार पोराच्या नावाने आरोळी ठोकली, तो पोरगा साउथहॉलमध्येही राहत होता. आरोळीत मात्र तो नव्हता. त्याला कोणी मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे पाहून कोणी ओरडलंच नव्हतं.

पेपरांचं काम

काही दिवसांतच ‘डेली मेल’ने रेकॉर्डवर झोड उठवली. मसाला तयारच होता. हिटलरच्या राजवटीत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या, कामगारांच्या सहली आणि करमणूक सांभाळणाऱ्या संघटनेचं नाव ‘आनंदातून शक्ती’, इंग्रजीत ‘स्ट्रेंग्थ थ्रू जॉय’, असं होतं. ‘स्ट्रेंग्थ थ्रू ऑय!’ हा त्याच्यावरचा श्लेष. बुशेलचं म्हणणं, श्लेष दुसऱ्या एका बँडच्या रेकॉर्डच्या नावावरून सुचला, नाझींवरून नव्हे. मुखपृष्ठावरचा तरुण निघाला निकी क्रेन, ब्रिटिश मूव्हमेंटचा कुख्यात गुंड. लंडनच्या एका स्टेशनवर कृष्णवर्णीय तरुणांवर केलेल्या हल्ल्यासाठी त्याला त्याच वर्षी तुरुंगवास झाला. श्लेष, गोंदणं, पब, आग : चार ठिपके जोडले की चित्र तयार. डेक्काने रेकॉर्ड बाजारातून काढून घेतली.

या ठिकाणी दोन्ही बाजूंना न्याय देणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. ऑय म्हणजे नाझी, हे पेपरांचं समीकरण चूक होतं. रेकॉर्डवरच्या बँडांत टॉय डॉल्ससारखे निव्वळ गमतीचे होते, इन्फा रायटसारखे वंशद्वेषाविरुद्धच्या कार्यक्रमांत वाजवणारे होते. साउथहॉलनंतर द बिझनेसने वंशद्वेष आणि राजकीय अतिरेक यांच्या विरोधात असल्याचं नावातच लिहून दौरा काढला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं या पोरांचं झालं. पुढची कित्येक वर्षं मोठ्या कंपन्या आणि सभागृहं त्यांना दारात उभं करेनात.

पण पेपर चुकले म्हणून रेकॉर्ड बरोबर ठरत नाही. श्लेष कुठूनही सुचलेला असो, ज्याच्या काचा फुटल्या त्याला तो कसा ऐकू येईल, हा विचार करणं संपादकाचंच काम होतं. गोंदणांचं तर आणखी सरळ आहे. फोटोत नाझी खुणा सापडल्या त्या क्षणी एकच प्रश्न विचारायचा होता : हा माणूस कोण? एअरब्रशने त्या प्रश्नाचा आवाजच बंद केला. खुणा गेल्या, माणूस राहिला आणि ऑयचा चेहरा म्हणून दुकानादुकानांत लागला. सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत गंभीर वाटणारी चूक ही. ती द्वेषातून झाली नाही. तारीख गाठायच्या घाईतून झाली. डेस्कवर बसणाऱ्या प्रत्येकाने ती कधी ना कधी केलेली असते.

मग तेच लोक टॅब्लॉइडमध्ये

ज्यांना मथळ्याने भाजलं, ते मथळ्याच्याच घरी कसे गेले?

वाट आधीच पडली होती. पंकच्या पहिल्या लाटेत ‘एनएमई’ या साप्ताहिकात तरुण पंक पत्रकार म्हणून आलेले ज्युली बर्चिल आणि टोनी पार्सन्स पुढे मोठ्या खपाच्या पेपरांचे नामांकित स्तंभलेखक झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर बुशेल ‘साउंड्स’ सोडून फ्लीट स्ट्रीटच्या पेपरांत गेला आणि ‘द सन’ या टॅब्लॉइडमध्ये टीव्हीवर स्तंभ लिहू लागला. ‘बुशेल ऑन द बॉक्स’ हे नाव घराघरांत पोचलं, पुढे त्याच नावाचा टीव्ही कार्यक्रमही झाला. राजकारणाचा काटा डावीकडून उजवीकडे सरकला आणि २००५ मध्ये तो इंग्लिश डेमोक्रॅट्सतर्फे संसदेच्या निवडणुकीलाही उभा राहिला. जॉन्सनने कवितेकडून टॅब्लॉइडकडे असाच प्रवास केला आणि आपल्या आठवणी सांगताना पंक आणि टॅब्लॉइड या दोन्ही गोष्टी एकाच शीर्षकात जोडल्या.

यात पैसा होता, हे उघड आहे. संगीत साप्ताहिकाच्या पगारावर संसार होत नाही. विकले गेले, असं म्हणून विषय संपवणारेही भेटतात. मला ते पटत नाही. मला वाटतं, त्यांना ‘द सन’मध्ये आपलंच घर दिसलं असावं. १९६९ मध्ये रुपर्ट मर्डॉकने घेतल्यापासून त्या पेपरने कामगाराच्या बोलीत बोलायची कला कमावली होती. रोजचा खप चाळीस लाखांच्या घरात. ज्या पोरांसाठी जॉन्सन माइकसमोर ओरडत होता, त्यांचे आई-बाप सकाळी हाच पेपर घेत. कवीला हवा असलेला श्रोता तिथे आयता जमलेला होता.

आणि कला तर तीच. ४ मे १९८२ चं ‘द सन’चं पहिलं पान घ्या. फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाचं ‘जनरल बेलग्रानो’ हे जहाज बुडवलं. मथळा एका शब्दाचा : ‘गॉटचा’. मराठीत सांगायचं तर ‘सापडलास!’. शिवाशिवी खेळताना पोरगं ओरडतं तसा. पंक कवीच्या कसोटीवर ही ओळ उत्तम आहे. आखूड, बोलीतली, आरोळीसारखी. जहाजावरची ३२३ माणसं मेली. माणसं मोठ्या संख्येने बुडाली असावीत हे लक्षात आल्यावर नंतरच्या आवृत्त्यांत मथळा बदलला. पण इतिहासात राहिला तो पहिलाच. ‘ऑय’ आणि ‘गॉटचा’ शेजारी ठेवून बघा. दोन्हींत ओरडणारा कोण ते स्वच्छ ऐकू येतं. समोर कोण आहे ते मात्र शब्दातून पुसलं गेलंय.

त्या पेपरचं कामगारांशी असलेलं नातंही तपासून बघायला हवं. जानेवारी १९८६ मध्ये मर्डॉकच्या कंपनीने छपाई वॉपिंगच्या नव्या कारखान्यात नेली आणि संपावर गेलेल्या साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांना काढून टाकलं. एप्रिल १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूलचे फुटबॉलप्रेमी चेंगरून मेले. चार दिवसांनी ‘सत्य’ एवढाच मथळा देऊन या पेपरने दोष त्या मृतांच्याच सोबत्यांवर ढकलला. ते सगळं खोटं होतं. कामगारांच्या त्या शहरातले बहुतेक लोक आजही तो पेपर विकत घेत नाहीत. कामगाराच्या बोलीत बोलणं आणि कामगाराच्या बाजूने बोलणं, यांच्यातली दरी इतकी रुंद असू शकते. ऑयच्या कवींना ती साउथहॉलच्या आगीत दिसायला हवी होती. त्यांनी त्या आगीतून धडा घेतला तो वेगळाच : पेपरांनी आमच्यावर अन्याय केला. तोही खराच. पण अर्धाच.

अ‍ॅटिला द स्टॉकब्रोकरचं उदाहरण म्हणून मला फार महत्त्वाचं वाटतं. तोही ऑयच्या गोतावळ्यात वावरला, त्यानेही ‘साउंड्स’मध्ये टोपणनावाने लिहिलं, आरोळीची कला त्यालाही पक्की अवगत. तो मात्र पबापबांतून, सभागृहांतून कविताच म्हणत राहिला, चार दशकांहून अधिक काळ. समोरचा श्रोता त्याला रोज डोळ्यांनी दिसत होता. चुकीची ओळ म्हटली तर तिथल्या तिथे कोणीतरी ‘ए!’ म्हणून उठणार. चाळीस लाख खपाच्या पेपरात ती सोय नसते.

निकी क्रेनचं काय झालं तेही सांगायला हवं. नाझी गोटात मिरवणारा हा माणूस समलिंगी होता आणि दोन्ही आयुष्यं एकमेकांपासून लपवत होता. १९९२ मध्ये त्याने टीव्हीवर ते जाहीर केलं आणि जुन्या साथीदारांशी संबंध तोडले. ८ डिसेंबर १९९३ रोजी, पस्तिसाव्या वर्षी, तो एड्सशी संबंधित आजाराने गेला. एअरब्रशखाली आणखी काय काय होतं, ते कोणालाच माहीत नव्हतं.

डेस्कवरून

आता माझ्या टेबलावरची गोष्ट.

बरीच वर्षं झाली. मी तेव्हा एका जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो. रात्री पावणेबाराला तालुक्याच्या बातमीदाराने बातमी टाकली : बाजारपेठेत हातगाडी लावण्यावरून दोन गटांत बाचाबाची, दगडफेक, तिघं किरकोळ जखमी, पोलीस बंदोबस्त. दोन कॉलमची जागा. ‘बाचाबाची’ हा शब्द त्या टायपात बसेना. ‘हाणामारी’ही अर्ध्या अक्षराने बाहेर जात होता. पान सोडायला आठ मिनिटं होती. ‘दंगल’ बसला. तीन अक्षरं, दणदणीत. मी लावला आणि घरी जाऊन झोपलो.

सकाळी दहाच्या सुमारास कार्यालयात फोन आला, तो माझ्याकडे दिला गेला. त्या पेठेतला एक किराणा दुकानदार. आवाज चढलेला नव्हता. म्हणाला, “साहेब, इथं भांडण झालं. दंगल नाही झाली. आता तुमचा पेपर वाचून पाहुण्यांचे फोन येतायत. गावाकडून माल घेऊन येणारा टेम्पोवाला नाक्यावरनंच परत गेला. पोरींना शाळेत धाडू का नको, तेवढं सांगा.”

मी काय सांगणार? दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. आठवड्याने त्या तालुक्याला जाणं झालं, तेव्हा मुद्दाम त्या पेठेत गेलो आणि दुकान शोधून ओळख दिली. त्यांनी स्टुलावर बसवलं, पोऱ्याला चहा सांगितला. म्हणाले, “तुम्ही येऊन गेलात, बरं झालं.” मी विचारलं, खुलासा वाचला का. त्यांनी मान हलवली. तो त्यांच्या पाहण्यात आलाच नव्हता. गल्ल्याखालचा खण ओढून त्यांनी तो पहिला पेपर काढला. व्यवस्थित घडी घातलेला होता, मथळा वर राहील अशी.